बत्तिसाव्या नायकाची भिंत

राणीसरकारांनी आजवर एकतीस ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यातली प्रत्येक कुठे ना कुठे त्यांच्या नवऱ्याच्या अंगावर उमटलेली आहे. यात अलंकार काही नाही. डाव्या खांद्यावरचा व्रण पहिल्या पुस्तकाचा. कमरेचा पट्टा पाचव्याचा. उजव्या हाताची करंगळी कप धरताना अदबीने बाहेर राहते, ती बाराव्या पुस्तकातल्या द्वंद्वयुद्धात वाकली ती वाकलीच. नव्या पाहुण्यांना वाटतं, काय खानदानी माणूस आहे, चहा कसा पितो बघा.

'राणीसरकार' हे नाव कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने ठेवलं. बाई लांब रेघांचे कागद घ्यायला यायच्या आणि पैसे काढता काढता स्वतःशीच, पण चांगलं खणखणीत बोलायच्या, की विष असं हवं, ज्याने माणूस मरायला दोन प्रकरणं घेईल. पहिल्या वेळी त्याने सुट्टे पैसे देताना हात जरा लांबूनच पुढे केला. मग खुलासा झाला आणि तो वाचक झाला. नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होता, त्यामुळे तो ओघानेच मीटरसाहेब. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण आकडा दिसला की टिपायचा आणि दिसला नाही तर शोधायचा, ही सवय काही निवृत्त झाली नाही.

आता ही कादंबरी अंगावर उमटायची भानगड काय, ते सांगायला हवं. बाईंनी एकोणतिसाव्या वर्षी पहिली कादंबरी लिहून प्रकाशकाकडे नेली, तेव्हा गादीवर सध्याच्या मालकांचे वडील होते. त्यांनी आठवड्याने बाड परत केलं आणि वर चार ओळींची चिठ्ठी लावली: या कादंबरीतली मंडळी घोड्यावर बसलेली नाहीत, भिंतीवर चढलेली नाहीत आणि एकमेकांच्या जवळही गेलेली नाहीत, सगळं ऐकीव वाटतं. पहिले दोन आरोप बाईंनी गिळले. तिसरा झोंबला, कारण लग्नाला चांगली पाच वर्षं झाली होती आणि कडेवर मुलगी होती. एक संध्याकाळ त्या रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे पुसून त्यांनी कायदा केला: घरात केल्याशिवाय पुस्तकात नाही. आणि अंमलबजावणीसाठी घरात पुरुष एकच होता.

पहिल्या पुस्तकाचा नायक दातांत तलवार धरून तटावरून उडी मारतो आणि नायिकेला म्हणतो, "मी आलोय." मीटरसाहेबांनी दातांत लाकडी फूटपट्टी धरली आणि कपाटावरून उडी मारली. खांदा दाराच्या कडीला लागला तो लागलाच, पण मुख्य शोध असा, की दातांत काही धरून "मी आलोय" म्हणता येत नाही, नुसती लाळ येते. तेव्हापासून बाईंचे तलवारधारी नायक नायिकेसमोर अबोल असतात. त्या अबोलपणावर दोन पिढ्यांच्या वाचक बायका जीव टाकतात.

पाचव्या पुस्तकात नायकाने नायिकेला उचलून बुरुजाच्या पायऱ्या चढायच्या होत्या. इमारतीच्या जिन्याला पहिल्या मजल्यापर्यंत सतरा पायऱ्या. मीटरसाहेबांनी बाईंना उचललं, नऊ चढले, दहाव्या पायरीवर कमरेत काहीतरी 'कट्' झालं आणि दोघंही तिथेच बसली. समोरच्या वहिनींनी दार उघडलं. त्यांना वाटलं बाईंना चक्कर आली. त्यांनी पाणी आणलं आणि चुकीच्या माणसाला पाजलं. मीटरसाहेब तीन आठवडे फळीवर झोपून होते. पुढच्या पुस्तकापासून बाईंच्या नायिका आपल्या पायांनी बुरूज चढतात. एका प्राध्यापिकेने या स्वावलंबी नायिकांवर तीस पानांचा लेख लिहिला. मीटरसाहेबांनी तो फळीसकट कपाटात जपून ठेवला आहे.

घोडा म्हणजे दिवाणखान्यातल्या सोफ्याचा डावा हात. तो आता उजव्यापेक्षा तीन बोटं खाली बसला आहे. चौदाव्या पुस्तकात सरदार दौडत्या घोड्यावरून वाकून नायिकेचा पडलेला रुमाल उचलतो, असं ठरलं होतं. मीटरसाहेब वाकले, रुमाल हाती आला, पण वर येणं काही जमेना. "आता काय करू?" त्यांनी जमिनीजवळून विचारलं. बाई पेन्सिल सरसावून म्हणाल्या, "तसेच राहा." पुस्तकात सरदार घोड्यावरून घसरतो आणि रुमालासकट तिच्या पायांशी पडून राहतो. त्या पानावर वाचकांच्या आसवांचे डाग असलेल्या प्रती वाचनालयात आजही सापडतात.

काम रोज साडेनऊ ते एक, जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला. दुसऱ्या टोकाला मीटरसाहेब चष्मा लावून नोंदवही घेऊन बसतात. नोंदी जुन्या सरकारी वळणाच्या: 'खिडकी ते जमीन साडेचार फूट. उडी एक. उठण्यास लागलेला वेळ तीन मिनिटे. उद्गार छापण्याजोगे नाहीत.' सत्कारांमध्ये कोणी प्रेरणा विचारली, की बाई पडक्या तटबंदीवरून येणारा वारा, जुन्या पत्रांचा सुगंध असं छान काहीतरी बोलतात. खरं तर धुळकट कागदांचा वास घरात आला, की मीटरसाहेबांना शिंका सुरू होतात, म्हणून तर बाईंचे निम्मे नायक भुयारात शिंकून पकडले जातात. सात पुस्तकांतला फितूर दिवाण हा सोसायटीचा अध्यक्ष आहे. तो सगळी पुस्तकं वाचतो आणि भेटला की म्हणतो, दिवाण फार जिवंत उतरलाय हो, असली माणसं असतात.

नायकाला जे जमतं ते नवऱ्याला जमतं तेवढंच, असा हा कारभार. त्यामुळे नवऱ्याचं वय वाढलं तसं नायकांचंही वाढलं. विसाव्या पुस्तकापासून त्यांच्या उड्या कमी झाल्या. रक्तदाब निघाला तेव्हापासून नायक रणात उतरण्याऐवजी टेकडीवरून डावपेच सांगू लागले. गुडघा गेला तेव्हापासून ते पत्रं लिहू लागले, लांबलचक आणि सुंदर. बाईंच्या हे कधी लक्षातच आलं नाही. मुलाची वाढती उंची रोज बघणाऱ्याला कळत नाही, तसंच झालं.

लक्षात आणून दिलं ते संपादिकेने. ही मुलगी अठ्ठावीस वर्षांची, हुशार, आणि बाईंची पुस्तकं शाळेत असताना बाकाखाली धरून वाचलेली. तिने बाईंना कार्यालयात बोलावलं, चहा मागवला, खुर्चीला उशी दिली. एवढं अगत्य पाहून बाई सावध झाल्या.

"ताई, रागावू नका," ती म्हणाली. "गेल्या तीन पुस्तकांत नायक एकदाही पळालेला नाही. एकतिसाव्यात तो सात वेळा बसतो. मी मोजलंय."

"विचारात पडून बसतो तो."

"एकदा जिन्यात बसतो, ताई. आणि ती वरून विचारते, येताय ना, तर म्हणतो, तूच ये."

वाचकांची पत्रं येत होती, खप घसरत होता, मालक बोलत होते. संपादिकेने पुढचं बोलताना टेबलावरची पेनं सरळ रेषेत लावली. पंचविशीचा नायक हवा. भिंत ओलांडून येणारा. पहिली तीन प्रकरणं पंधरा दिवसांत हवीत. ती जमली तर बत्तिसावं पुस्तक नेहमीसारखं निघेल. नाही जमली तर यंदाच्या यादीत बाईंच्या जागी एक नवी लेखिका येईल, आणि बाईंचं निघेल 'निवडक'. मोठ्या आकारात, चांगल्या कागदावर, समारंभ करून.

बाईंना 'निवडक' म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. ज्या लेखकाकडून आता काही येणार नाही असं सगळ्यांचं ठरलेलं असतं, त्याचं 'निवडक' काढतात. बांधणी फार सुरेख असते.

घरी येताना त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, निवडक निघू द्यायचं नाही. दोन, यातलं अवाक्षर नवऱ्याला कळू द्यायचं नाही. या माणसाला जर सांगितलं, की तुमच्या गुडघ्यापायी माझा नायक म्हातारा झाला, तर तो काय करेल, याची त्यांना धास्ती वाटली. मग त्यांनी सहज आवाजात जाहीर केलं, की या पुस्तकात हाणामारी नाही, तुम्ही जरा आराम करा. मीटरसाहेबांनी गुडघ्याचा पट्टा काढून घडी घातली आणि ते टेबलाच्या आपल्या टोकाला बसून राहिले. नोंदवही मिटलेली होती. दोन दिवस ते फक्त पेन्सिलींना टोक करत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांची डोळे तपासायची वेळ होती. ते बाहेर पडले तसा बाईंनी जावयांना फोन केला. जावई कॉलेजात खेळ शिकवतात, तिशीचे आहेत, आणि सासूबाईंचा शब्द खाली पडू देत नाहीत. इमारतीच्या मागे आवाराची भिंत आहे, पाच फूट, वर सिमेंटची सपाट पट्टी. बाई कागद घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी प्रसंग समजावला: पलीकडे ती उभी आहे, अलीकडे तुम्ही, वेशीवर पहारा.

जावयांनी दोन पावलं मागे घेतली आणि ते पलीकडे गेले. मग परत अलीकडे आले.

"झालं. आणखी काही, आई?"

बाईंची पेन्सिल कागदावर टेकलीसुद्धा नव्हती. त्यांनी विचारलं, काय वाटलं तुम्हाला. जावयांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं, काही नाही, भिंत होती. जिच्यासाठी जिवावर उदार झालात ती समोर दिसली, तेव्हा? पलीकडे स्कूटर होती, ते म्हणाले. तलवारीसह, म्हणून त्यांच्या हातात छत्री दिली. ते छत्रीसह गेले. जखमी आहात असं समजा, म्हटलं, तर एका हाताने गेले. घामाचा थेंब नाही. बाईंनी त्यांना पोटभर खायला घातलं आणि मुलीला यातलं काही सांगू नका म्हणून बजावलं.

असं तीनदा झालं. मीटरसाहेब कधी डॉक्टरकडे, कधी बँकेत गेले, की जावई हजर. त्या जोरावर बाईंनी लिहायला घेतलं. पण नायक असा काही सुटला, की अकरा पानांत त्याने चार तट, दोन नद्या आणि एक दरी ओलांडली आणि अकराव्या पानाच्या तळाशी तो नायिकेसमोर येऊन उभा राहिला. आता पुढे काय करायचं, हे त्यालाही कळेना आणि तिलाही. तीन प्रकरणं हवी होती. पुस्तकच संपलं होतं, आणि दिवस उरले होते चार.

बाई अंघोळीला गेल्या असताना मीटरसाहेबांनी ती अकरा पानं वाचली. चोरून नव्हे, एकतीस पुस्तकांचं बाड पहिल्यांदा त्यांनीच वाचलं होतं. बाई बाहेर आल्या तेव्हा पानं नीट जुळवून टेबलावर ठेवलेली होती.

"हा कोण?" मीटरसाहेबांनी विचारलं.

"कोण कोण?"

"हा उड्या मारणारा. आपल्या घरातला दिसत नाही."

बाई केस पुसत राहिल्या. याचा तट किती उंच आहे, एवढंच मीटरसाहेबांनी विचारलं, आणि पाच फूट हे उत्तर ऐकून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ओट्यापाशी होत्या. खिडकीतून मागची भिंत दिसते. त्या भिंतीवर, एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे सोडून, त्यांचा नवरा बसला होता. शेजारी रंगाचा रिकामा डबा आडवा पडला होता, म्हणजे चढाई डब्यावरून झाली असणार आणि डब्याने मग साथ सोडली असणार. गुडघ्याला पट्टा होता. बाई गॅस बंद करून, हाताला पीठ तसंच, जिना उतरल्या. सतरा पायऱ्या त्या इतक्या वेगाने आयुष्यात कधी उतरल्या नव्हत्या.

"अहो, हे काय करताय?"

"बसलोय."

"खाली या."

"येतो. कसं यायचं ते बघतोय."

सोसायटीच्या पहारेकऱ्याला बोलावते, शिडी आणायला सांगते, असं बाई म्हणाल्या. ते म्हणाले, कोणालाही बोलवायचं नाही. मग बाईंनी डबा सरळ केला, त्यावर उभ्या राहिल्या आणि नवऱ्याचा इकडचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्याचा उपयोग काय होणार होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या मजल्यावरून अध्यक्षांनी वाकून पाहिलं, काही मदत हवी का विचारलं, आणि दोघांनीही एकाच वेळी नाही म्हटल्यावर खिडकी लावून घेतली.

"जावई येत होता ना?" मीटरसाहेबांनी विचारलं.

"कोणी सांगितलं?"

"भिंतीवर बुटांचे ठसे आहेत. नऊ नंबर. माझा सात."

तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. संपादिका, सात वेळा बसणं, निवडक, पंधरा दिवस. सांगताना त्यांना स्वतःचाच राग आला. मीटरसाहेब वरून ऐकत होते. सिमेंट टोचत होतं, ते थोडे सरकले.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही भिंतीवर चढला असतात म्हणून."

मग मीटरसाहेबांच्या पोटातून हसू यायला लागलं. हसल्यावर तोल जायला लागला, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी भिंत पकडली, आणि पकडल्यावर हसू आणखीच वाढलं. बाई खालून ओरडत होत्या, हसू नका, पडाल, आणि स्वतः हसत होत्या.

हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "एक सांगू? चढेपर्यंत पलीकडे जायचं एवढंच डोक्यात असतं. वर आल्यावर कळतं, की उतरायचा विचार आपण केलेलाच नाही. आणि तू बघतेयस, म्हणजे आता परतही जाता येत नाही. भीती उंचीची नाही गं वाटत. तू बघतेयस याची वाटते."

बाईंनी पाय सोडला.

"तसेच राहा," त्या म्हणाल्या, आणि कागद आणायला धावल्या.

मीटरसाहेब त्या भिंतीवर एकूण पन्नास मिनिटं होते. चाळिसाव्या मिनिटाला पहारेकरी आपणहून शिडी घेऊन आला, तर बाईंनी त्याला दहा मिनिटं थांबवून ठेवलं, कारण नायकाचं मन अजून पुरतं उतरवून झालं नव्हतं.

पुढच्या तीन दिवसांत बाईंनी अकरा पानं फाडून तीन प्रकरणं लिहिली. दोन्ही नद्या गेल्या, दरी गेली, तट एकच राहिला. नायक पंचवीस वर्षांचा, उमदा घोडेस्वार. तिला भेटायला येतो, तटावर चढतो आणि अडकतो. खाली ती उभी आहे, हाताला पीठ आहे, आणि हा माणूस खाली का येत नाही ते तिला समजत नाही. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी ती डबा, म्हणजे रांजण, पालथा घालून त्यावर चढते आणि त्याचा पाय धरते.

संपादिकेचा फोन दुसऱ्याच दिवशी दुपारी आला. बाईंनी तो उभ्याने घेतला.

"ताई, हा नक्की पंचविशीचाच आहे ना?"

"पंचविशीचाच."

"मग असा अडकतो कसा? चांगला घोडेस्वार आहे."

"अगं, पहिल्यांदाच प्रेमात पडलाय. सवय कुठे आहे त्याला."

मग संपादिका म्हणाली, की ती हे बसमध्ये वाचत होती आणि तिचा थांबा मागे गेला. मालकांना तिने पानं दिली आहेत, त्यांनी वाचायला दार लावून घेतलंय, आणि यादीत बाईंचं नाव आहे तिथेच आहे. फक्त चौथ्या प्रकरणात त्याला खाली उतरवा. आणि उतरल्यावर दोघांना बोलू द्या, भरपूर, पूर्ण प्रकरणभर. इतकी वर्षं तुमचे नायक नायिकेसमोर जवळजवळ गप्पच असतात.

बाईंनी फोन ठेवून नवऱ्याला बातमी सांगितली. मीटरसाहेबांनी नोंदवहीत तारीख घातली आणि पुढचं काय, म्हणून विचारलं. पुढचं नुसतं बोलणं आहे, बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचीच पेन्सिल हवेत राहिली. उड्या झाल्या, घोडे झाले, द्वंद्वं झाली. हे एवढं त्यांनी या टेबलावर कधी करून पाहिलेलं नव्हतं.

मीटरसाहेब उठले. आत जाऊन धुतलेला सदरा घालून आले आणि आपली खुर्ची टेबलाच्या त्या टोकावरून उचलून बाईंच्या समोर आणून ठेवली.

"काय बोलू?"

"मनात असेल ते."

त्यांनी बराच विचार केला.

"ते दोन दिवस मी पेन्सिलींना टोक करत होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा मला वाटलं, आता तुला माझी गरज नाही. मग सकाळी उठून कुठे बसायचं, हे मला कळेना."

बाईंनी पेन्सिल उचलली होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"लिहीत नाहीस?" मीटरसाहेबांनी विचारलं.

"नंतर लिहीन. तुम्ही बोला," राणीसरकार म्हणाल्या.

चौथं प्रकरण आठवडाभर उशिरा गेलं.